रिमोटमधला उजेड

डोंबिवलीत डोळ्यांच्या दवाखान्यात हेमांगी नंबरची वाट बघत बसली होती. शेजारी बसलेल्या एका मामींनी पर्समधून कॉम्प्युटरचा रिमोट काढला आणि सोबतच्या भाच्याला दिला.

"सलिल, दसऱ्याला यांच्या हातून फरशीवर पडला, तेव्हापासून चालतच नाही. पलंगावर पडल्यापडल्या याने कॉम्प्युटरवर गाणी लावायचे रे, तेवढाच विरंगुळा."

"थांब मामी, सेल्फीचा कॅमेरा लावतो. आता हा धर, टोक फोनकडे करून बटण दाब आणि फोनमध्ये बघ."

"अगंबाई, पेटला! जांभळा!"

"आता नुसत्या डोळ्यांनी बघ."

"काहीच नाही की!"

"तो उजेड आपल्याला दिसत नाही. कॉम्प्युटरच्या काळ्या काचेला दिसतो. म्हणजे रिमोट धडधाकट आहे. काचेला काही झालंय का?"

"पुढची, इवलीशी? दसऱ्याच्या पूजेला तिथेच तर ठसठशीत कुंकू लावलं मी."

"मामी! कपाळ समजून डोळ्यातच लावलंस की!"

मामींनी पुन्हा बटण दाबलं. फोनमध्ये पुन्हा जांभळा ठिपका उजळला.

"आठ दिवस हे दाबत होते रे. नीट दाबा म्हणून मी त्यांच्यावरच डाफरत होते. आणि दर वेळी हा उजेड निघत होता?"

"दर वेळी."

हेमांगीचं नाव दुसऱ्यांदा पुकारलं, तेव्हा ती रिमोटच्या टोकाकडे टक लावून बघत होती. तिथे काहीच दिसत नव्हतं.