भूल त्याच बाईंनी द्यावी

मी, तक्रारदाराची बायको, वय ५८, धंदा शिलाईकाम, राहणार बाजारामागच्या गल्लीत आमच्याच दुकानाच्या माळ्यावर, समक्ष हजर राहून सांगते की,

भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी जास्त औषध देऊन माझं हृदय बिघडवलं, अशी तक्रार आमच्या ह्यांनी दिली आहे. तेव्हा मी अतिदक्षता विभागात होते. मला कोणी विचारलं नाही.

माझ्या पित्ताशयातले खडे काढायचे होते. मला आत नेताना ह्यांनी स्ट्रेचरची दांडी धरली आणि "मला एकट्याला टाकून जाऊ नकोस गं" म्हणून हंबरडा फोडला. अहो, फक्त खडे काढायचे होते! पण माझेही हातपाय गार पडले. आत बाईंनी विचारलं, "भीती वाटते का?" मी म्हटलं, "छे!" तरी त्यांनी माझा हात सोडला नाही. एवढंच मला आठवतं.

पुढचं थिएटरमधल्या सिस्टरने सांगितलं. भूल चढताच माझं ब्लडप्रेशर कोसळलं, मशीनवरची रेघ बदलली. सर्जन म्हणाले, "अर्ध्या तासाचं तर काम आहे." बाई म्हणाल्या, "सर, आज सुरी लावायची नाही." सर्जन मोठे नावाजलेले, बाई त्यांच्या लेकीच्या वयाच्या. पण तसूभर हटल्या नाहीत. इतकी खमकी बाई मी पाहिलेली नाही.

तपासणीत हृदयाच्या नळ्या साफ निघाल्या. हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं, की धास्तीने आणि शरीरावरच्या ताणाने हृदयाचं खालचं टोक फुगून कामच करेनासं झालं होतं. ते भरून येतं, पण त्या दिवशी ऑपरेशन रेटलं असतं तर मी वाचणं कठीण होतं. शुद्धीवर आले तेव्हा बाई उशाशीच होत्या. म्हणाल्या, "मावशी, पुढच्या वेळी भीती वाटली तर सरळ सांगायचं."

आता हृदय ठणठणीत आहे. खडे तसेच आहेत. येत्या गुरुवारी ऑपरेशन आहे, पण चौकशी संपेपर्यंत बाईंना थिएटरात पाय ठेवायला मनाई आहे. मला भीती वाटते, हे मी इथे सरळ सांगते. त्यांच्याशिवाय मी टेबलावर चढणार नाही.

माझ्यावर कोणाचा दबाव आहे का, असं चौकशीच्या साहेबांनी विचारलं. नाही. हे बाहेर बाकावर बसले आहेत, त्यांना मीच धरून आणलं आहे.

वरील मजकूर मी बोलले तसाच उतरवला आहे. माझ्या विनंतीवरून तो दार उघडं ठेवून मोठ्याने वाचण्यात आला, आणि बरोबर आहे. वाचन संपताच तक्रारदार डोळे पुसत आत आले व "मी सही कुठे करू?" असं विचारू लागले. तक्रार मागे घेण्यासाठी त्यांना वेगळा कागद देण्यात आला आहे.