गोठ्यात सापडलेले रिव्हॉल्व्हर

मी सौ. अन्नपूर्णा मुकेश झाडे, वय ४७ वर्षे, व्यवसाय शिवणकाम, रा. सिंदी (रेल्वे), ता. सेलू, जि. वर्धा.

समक्ष पोलीस स्टेशनला हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी पती मुकेश यांच्यासह राहते. पती कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. आमची मुलगी काजल, वय १९, ही गेल्या वर्षी दिवाळीनंतर सायकलने क्लासवरून येत असताना पिकअप गाडीची धडक बसून मरण पावली. गाडी आमच्याच मोहल्ल्यातील धनंजय चालवत होता. तो जामिनावर सुटून घरी आला आहे. काजल गेल्यापासून पती कामावर गेले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहत. जेवायला उठवावे लागे.

उन्हाळ्यात गोठ्याच्या छपराचे कवेलू काढताना पतीला भिंतीच्या माथ्यावर टिनाचा डबा सापडला. त्यात तेलकट कापडात गुंडाळलेले जुने रिव्हॉल्व्हर होते. ते कोणाचे, हे सांगणारे घरात आता कोणी नाही. लायसन नाही. मी म्हटले, ठाण्यात देऊन या. पती म्हणाले, "गंजून गेलं हाय सारं. राहू दे."

दुसऱ्या दिवशी पती आपणहून उठले. त्यांनी ते डिझेलमध्ये भिजत घातले. जुना टूथब्रश मागितला, तो मी दिला. शिलाई मशीनचे तेलही दिले. मग रोज ओट्यावर बसून ते एकेक स्क्रू काढून घासत. स्प्रिंग तुटली होती, ती त्यांनी स्वतः बनवली. मुठीला सागवान तासून बसवले. एकदा मला हाक मारून म्हणाले, "हे पाह्य, अक्षरं निंगाले." नळीवर इंग्रजी अक्षरे होती, पूर्ण लागली नाहीत. पती त्या दिवशी हसले. मी त्यांना अडवले नाही. ते जेवू लागले होते.

पुढे त्याची गोळ्या भरायची चक्री फिरू लागली. तेव्हापासून पती एका जागी बसत नसत. चक्री फिरवत अंगणात येरझारा घालत आणि मला विचारत, "धनंजय गेला काय इकडून?" माझे कामात लक्ष लागेना. एका ब्लाऊजची बाही मी उलटी शिवली.

आज बाजाराचा दिवस. सकाळी धनंजय व त्याची आई आमच्या घरासमोर भाजीच्या गाडीपाशी उभे होते. मी स्वयंपाकघरातून आले तेव्हा पतीने नळी खिडकीच्या गजांमधून बाहेर धरली होती. खट् असा आवाज झाला. आत गोळी नव्हती. धनंजय वांगी निवडत होता, त्याने वळून पाहिले नाही.

पती म्हणाले, "बराबर चालते."

मी म्हटले, "काऊन करून राह्यले तुमी असं?"

"गोळी भेटून जाईन. सांगून ठेवलं हाय एकाले."

कोणाला, ते त्यांनी मला सांगितले नाही.

पती आंघोळीला गेल्यावर मी रिव्हॉल्व्हर पिशवीत घालून निघाले. रेल्वे फाटकाजवळ ते मागून आले. अंगात बनियन होती, पायात चप्पल नव्हती. मी पिशवी छातीशी धरली. त्यांनी ओढली नाही.

"देऊन टाकतं काय?"

"हो."

"एवढं साफ केलं व्हतं."

मग ते माझ्यासोबत चालू लागले. ठाण्याच्या दारात थांबून म्हणाले, "आता उद्या उठून मी करू काय?" त्यांच्या कानाला साबण तसाच होता, तो मी पदराने पुसला.

रिव्हॉल्व्हर मी आपल्या ताब्यात दिले आहे. ते परत मिळू नये. पती बाहेर बाकावर बसले आहेत, त्यांना विचारायचे ते विचारावे, मी सोबत थांबते. धनंजयला यातले काही माहीत नाही. त्याच्या आईला कळवू नये, अशी विनंती आहे.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी 'मयत मुलगी' असे लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'मुलगी काजल' असे केले. बाकी मी सांगितले तसेच लिहिले आहे.