उसना हात

(देवळाची मागची भिंत. परांचीवर बाप आणि लेक. समोर दगडातली नर्तकी.)

बाबा : म्हणजे दर्शन हा नुसता बहाणा! या गुडघ्यांनिशी मला वर चढवलंस ते हिच्यासाठी.

लेक : खाली उभं राहून सांगवलं नसतं. बाबा, हिचा मूळ हात सापडलाय. कुंडातला गाळ काढताना.

बाबा : हिचाच कशावरून? इथे काय एकटीचाच हात मोडलाय?

लेक : तुम्ही नवा हात बसवायच्या आधी तुटीचा साचा घेतला होता ना? त्यावर लावून पाहिला. कण न् कण जुळला.

बाबा : मग माझा उतरणार.

लेक : उद्या. काम माझ्याकडेच आलंय.

बाबा : बरं झालं. बापाचं नाक कापायला परका कशाला?

लेक : बाबा!

बाबा : चेष्टा केली गं.

लेक : मला नाही सुचत चेष्टा. काल तुम्ही घडवलेल्या हाताची मापं घेत होते. चार बोटं नर्तकीची आहेत. करंगळी मात्र आत वळलेली. या अख्ख्या भिंतीवर अशी करंगळी दुसरी नाही.

बाबा : हं.

लेक : आईची आहे ना? दारात चेंगरलेली?

बाबा : नमुना म्हणून तिलाच बसवायचो. ‘भाजी करपली, भाजी करपली’ म्हणून ओरडायची, पण हात हलवायची नाही. करंगळी आधी सरळच कोरायला घेतली होती. मग तो हात कुणाचाच वाटेना.

लेक : मी अहवालात लिहू शकते. सांधा सोडवताना मनगटाला तडा जाईल, म्हणून आहे तो हात राहू द्यावा. अगदीच खोटं नाही ते. धोका थोडा आहेच.

बाबा : थोडा म्हणजे?

लेक : ...फारसा नाही. पण आईचं काय उरलंय आपल्याकडे? एक फोटो, त्यातही ती पाठमोरी.

बाबा : आणि हिचा हात पेटीत पडू द्यायचा? इतकी वर्षं बिचारी उसन्या हातावर नाचतेय.

लेक : आपला गोदामात जाईल, बाबा. फळीवर.

बाबा : जाऊ दे. तुझ्या आईलाही हात खाली करू दे आता. केव्हाचा वर धरून बसलीये.

लेक : उद्या याल?

बाबा : नको. चल, उतरव मला. आणि हे बघ, काढताना करंगळीखाली कापूस घाल. थंडीत ठणकायची तिची.