खाचेतला रंग

—नाही, तिथे नका टेकू, त्या स्टुलावर थिनर सांडलंय. इथे बसा, या उलट्या डब्यावर. तुमच्यासारख्या गाणाऱ्या माणसाला रंगाच्या डब्यावर बसवायचं म्हणजे जिवावर येतं, पण आमच्या गॅलरीत सोफा मावत नाही, काय करणार. आमची ही घरात नाही. शिंप्याकडे गेलीय, स्टेजवर घालायच्या जाकिटाच्या बाह्या लांब झाल्या म्हणून. येईलच. तिला न्यायला तुम्ही लवकर आलात. हॉर्न ऐकला मी, खालून वाजवत होतात, मला वाटलं कुठे आग लागली की काय. आग नाही ना? मग बसा.

हो, हीच ती. तुमच्या बासवाल्या बाईंची, म्हणजे आमच्या हिची, बास गिटार. ओळखू येत नाही ना? येणार कशी — धड तिकडे कपड्यांच्या दोरीवर लटकतंय, मान इथे जुन्या चादरीत गुंडाळलीय, आणि बाकीचा ऐवज, म्हणजे बटणं, स्क्रू, तारांखालचे ते काळे ठोकळे, सगळा त्या वाडग्यात. घाबरू नका, हरवलेलं काही नाही. मी हळू काम करतो, पण हरवत नाही. जन्मभर लोकांच्या दारं-खिडक्या रंगवल्या, एका दाराची कडी इकडची तिकडे झाली नाही.

तुमचा फोन आला तेव्हा ही फरशी पुसत होती. इतक्या वर्षांनी फोन! तुमची स्मरणशक्ती म्हणजे दांडगीच हो — बासवाला सोडून गेला की लगेच बासवाली आठवते. मला म्हणाली, "अहो, ते नुसतं विचारतायत. मोठ्या जहाजावर वाजवायचंय, प्रवाशांपुढे, अख्खा मोसम." नुसतं विचारतायत! आणि बादली तिथेच टाकून, खुर्चीवर चढून, कपाटावरची गिटार काढली. गुडघे दुखतात म्हणून जिना चढताना माझा खांदा धरते ती बाई. खुर्चीवर कशी चढली ते तिलाच ठाऊक. तुमच्या आवाजात औषध असणार काहीतरी.

तुम्ही केस रंगवता ना? नाही, सहज विचारलं. धंद्याची नजर, दुसरं काही नाही. चांगला काळा आहे, पण एकच हात दिलाय, मुळं दिसतात. अस्तर नीट नसलं की असं होतं. जहाजावर वारा फार असतो म्हणतात, सांभाळा.

तर गिटार खाली आली आणि हिचं तोंड उतरलं. रंगाचे टवके उडालेले, कडा कुरतडल्यासारख्या. म्हणाली, "ही असली घेऊन लोकांपुढे उभी राहू का?" आणि मी — मीच, दुसरं कोण — म्हणालो, मी देतो की रंगवून. तोंडातून निघून गेलं. आता वाटतं, तेव्हा ठसका लागला असता तर बरं झालं असतं.

सोपं वाटलं होतं मला. दाराला लावतो ते रंग काढायचं औषध लावलं — दारावरचा रंग त्याने सालीसारखा सुटतो — इथे ढिम्म. कारखान्यातला रंग, काचेसारखा. मग गरम हवेची बंदूक काढली. त्याने रंगाला फोड आले, मग पटाशी आडवी धरून हळूहळू सोलायचं. ही मागे उभी. "अहो, जळेल." म्हटलं जळत नाही. "मला वास येतोय." म्हटलं रंगाचा आहे. "मग तोंडाला फडकं तरी बांधा, नंतर खोकत बसाल आणि मी इथे नसणार." असं म्हणाली. जरा वेळाने तिनेच फडकं आणून मागून बांधलं. गाठ घट्ट बसली होती, कान दुखले, पण मी सोडली नाही.

एक जागा मात्र सोलावी लागली नाही. वरची कड, जिथे वाजवताना हात टेकतो, तिथला रंग आधीच गेलेला. खाली गुळगुळीत लाकूड. तेवढं काम ती आधीच करून बसली होती, तुमच्या ऑर्केस्ट्रात, मला भेटायच्या आधी. किती वाजवलं असेल हो त्या मुलीने? तुम्हाला माहीत असेल. मला नाही माहीत. मी तिला वाजवताना पाहिलेलंच नाही. लग्न झालं तेव्हा म्हणाली, "आता पुरे झालं," आणि मी मान्य केलं. कोणी स्वतःहून पुरे म्हणालं की आपण कशाला खोदून विचारायचं? मला तर बरंच वाटलं होतं.

आता गिटार अशी सुटी पडलीय, तर ही काय करते माहीत आहे? स्वयंपाकघरात झाडूचा दांडा धरून बसते. डाव्या हाताची बोटं दांड्यावर खालीवर, ओठ हलतायत, डोळे मिटलेले, आणि गॅसवर दूध उतू जातंय. मी दारात उभा राहतो. तिला कळत नाही मी आहे ते.

उशीर का झाला म्हणता? अहो, पहिला रंग बिघडला. निळा तिनेच निवडलेला, डबा उघडून नखाला लावून बघितला आधी. प्रायमर मारला, घासला, दोन हात निळ्याचे मारले. बघून टाळ्या वाजवल्या हो तिने, या वयात. पण ओघळ आला होता. ओघळला म्हणजे ओघळला, मी तसलं काम घराबाहेर जाऊ देत नाही. परत सगळा उतरवला. परत बंदूक, परत पटाशी. कुठे आला होता म्हणजे? मागे आला होता. मागच्या बाजूला. जिथे तो लोखंडी पत्रा बसतो ना, मान आवळायचा — त्याच्या खाली. हो, पत्रा बसला की झाकलंच जातं ते. झाकलं जातं म्हणून काय झालं? मला माहीत होतं ना.

असं बघू नका. बरं, पुढचं ऐका. दुसऱ्यांदा रंगवला, पुन्हा निळाच. ओघळ नाही, काही नाही, आरशासारखा. आणि मान बसवायला गेलो, तर बसेना! ही बघा खाच, धडाच्या वरच्या टोकाला. मानेची टाच हिच्यात अगदी घट्ट बसायला हवी, कागद घातला तरी जाऊ नये अशी. आणि मी शहाण्याने खाचेतही रंग मारून ठेवलाय. आतून, तळाला, बाजूंना, भरपूर. सवय हो. दाराची वरची कड कोणी बघत नाही, पण ती कोरी ठेवली की तिथूनच लाकूड पाणी पितं आणि दार फुगतं. म्हणून मी जे दिसत नाही तिथे आधी ब्रश घालतो. हे मुद्दाम नाही केलं, शपथ घेऊन सांगतो. हे एवढंच मुद्दाम नाही केलं.

म्हणजे — बाकीचं मुद्दाम केलं असं नाही म्हणालो मी. तुम्ही गाणारे लोक शब्दाला फार धरून बसता.

अहो, हात नका लावू, ओला आहे! ठसा उमटेल! … काय? नाही उमटला?

बरोबर. वाळलाय. कधीचाच वाळलाय. हिला सांगतो, हवा दमट आहे, अजून ओला आहे, दोरीवर राहू दे. ती रोज सकाळी चहाचा कप घेऊन इथे येते, लांबून बघते, म्हणते, "आज तरी?" मी म्हणतो, आज नको. ती कप घेऊन आत जाते. बोट लावून बघत नाही. तुम्ही आल्या आल्या बोट लावलंत, आणि ती, जिची आहे ती, लावत नाही. माझ्यावर विश्वास ठेवते म्हणा. चुकते.

खाच खरवडायला किती वेळ लागतो म्हणता? फार नाही. पटाशी धारदार आहे, हात अजून कापत नाही. मनात आणलं तर तुमचा चहा पिऊन होईपर्यंत झालं. पण मनात यायला हवं ना! तुमचं जहाज निघून गेलं की येईल मनात. गिटार नाही तर बाई जाणार कशी? हातात झाडू घेऊन? एवढाच माझा हिशेब. आता हसा.

हसत नाही तुम्ही. का?

काय म्हणालात? जहाजावर आहे? दुसरी बास गिटार? नवी कोरी, तिथेच ठेवलेली… आणि हिला माहीत आहे? फोनवरच सांगितलंत? पहिल्याच दिवशी?

थांबा. जरा थांबा. मग मी इथे कोणासाठी सोलत बसलोय? मग ती 'येते' असं का नाही म्हणाली तुम्हाला? गेले दोन आठवडे तुम्हाला काय सांगतेय ती?

… परत सांगा. तिच्या शब्दांत सांगा, गाऊ नका.

"त्यांनी माझी तयार करून दिली तरच येईन. नाही दिली तर समजा, मी घरी आहे."

असं म्हणाली. रागाने? नाही? कशी मग? नेहमीसारखी. हं. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं, मीही रागावलो असतो.

म्हणजे तिला दमट हवा वगैरे सगळं कळत होतं. रोज कप घेऊन येते ती रंग बघायला नाही येत. मला बघायला येते, आज काय म्हणतो म्हणून. आणि मी रोज म्हणायचो, आज नको. तोंडाने "जाऊ नकोस" म्हणायची हिंमत नाही, आणि हे असं… रोज, चहाच्या वेळेला.

सरका जरा. ती पटाशी द्या. लांब नको, ती बारकी, पिवळ्या मुठीची. आणि गप्प बसा, धार चुकली तर कड उडेल.

…

निघतोय. पापडीसारखा निघतोय बघा. किती मारला होता मी… हं. आता धड मांडीवर घेतो. चादर सोडा, मान द्या. अशी नाही, तारा आवळायच्या बाजूने धरा. जोर नका लावू, मला लावू द्या. हळू… हळू…

बसली.

हलवून बघा. हलत नाही ना? नाहीच हलणार. वाडग्यातले चार लांब स्क्रू द्या. पत्रा पण. आधी सगळे सैल, मग एकेक आवळायचा. तारा मी नाही लावणार, ते मला येत नाही, ते तिचं काम.

जिन्यात पाऊल वाजलं. दमून थांबलीय मधल्या वळणावर, तिथे थांबतेच ती. उठा. तुम्ही खाली जा, गाडीत बसा. तिला जिन्यात काही सांगू नका, गिटारीचं तर अजिबात नाही. तयार झाली एवढं तरी माझ्या तोंडून ऐकू दे तिला. आणि हॉर्न वाजवू नका. तिला निघायचं असेल तेव्हा ती येईल.

जा आता.