घरात दमणारी मी एकटीच

नाही, तुम्हीच सांगा, चाळीस अंशांच्या उन्हात साडेदहाला कुणी डोंगर चढायला निघतं का? सहाला निघायचं ठरलं होतं हो! पण आमच्या घरात सहाला निघायचं म्हणजे सहाला उठायचं की नाही यावर सातपर्यंत चर्चा करायची. त्यात आत्या आणि आतोबा आलेले थंड देशातून. तिकडे म्हणे महिनोन् महिने सूर्य तोंड दाखवत नाही, त्यामुळे आत्या दारात उभी राहून दोन्ही हात पसरते आणि म्हणते, "अहाहा, काय सुरेख ऊन आहे!" अहो, ऊन कसलं, भट्टी! फाटकाची कडी काढताना मी किंचाळले, इतकी तापली होती. तशी मी कशानेही किंचाळते, ते सोडा.

तर तुम्हाला सांगते, खरी भानगड उन्हाची नव्हतीच. बाबांची होती. तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या छातीत दुखलं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "सपाटीवर हवं तेवढं चाला, चढ मात्र बिलकुल नाही." हे ठाऊक कुणाला? आईला आणि मला. आत्याला? छे! बाबांनी आम्हाला बजावलेलं, "ताईला एक अक्षर कळता कामा नये. नऊ वर्षांनी आलीये ती. लहानपणी मला पाठुंगळी घेऊन डोंगर चढली, आणि मी तिला सांगू, मला चढवत नाही?" आईने बिचारीने माझ्या हातात पाण्याच्या बाटल्या कोंबल्या आणि कानात म्हणाली, "ते थांबायचे नाहीत. तू थांबव." झालं! स्वतःच्या सावलीला दचकणाऱ्या मुलीच्या हाती बापाचं हृदय!

आता थांबवायचं कसं? "बाबा, तुम्ही दमलात" म्हणायची सोय नाही. मग दमलं कोण? तर मी!

पहिल्या वळणावर बुटाची नाडी सुटली. दुसऱ्यावर बुटात खडा गेला. तिसऱ्यावर पोटात कळ आली... चौथ्यावर माझ्याकडे दुखायला अवयवच उरले नाहीत, मी नुसतीच फतकल मारून बसले. आणि दर वेळी आधी कुणी ओरडावं? बाबांनी! दगडाला टेकून, घाम पुसत, "काय... ही... आजकालची... पोरं!" अहो, चार शब्दांना चार श्वास लागतायत माणसाला, आणि दमलं कोण? तर मी!

आतोबांचं आणखी तिसरंच. त्यांच्या मनगटावर ते पावलं मोजणारं घड्याळ. जरा टेकलं की ते पीं पीं करतं, ते पीं पीं करतं की मी टुणकन उडते, मी उडाले की आतोबा खूश, "बघा, उड्या मारतेय! आहे अजून दम!"

अर्ध्यावर ते आणि बाबा चार पावलं पुढे गेले, तशी आत्याने मागून माझा दंड असा धरला की मी ओरडणारच होते.

"ओरडू नकोस गं बाई! ऐक. त्या वाळक्या झाडापाशी परत दमशील का?"

"अं?"

"गुडघे संपलेत माझे. दोन्ही. डॉक्टर म्हणतो, बदला. पण तुझ्या बाबाला बोलू नकोस हं, केवढ्या हौसेनं आणलंय त्यानं. हिरमोड व्हायचा त्याचा."

आता काय म्हणावं! हा तिच्यासाठी चढतोय, ती त्याच्यासाठी चढतेय, चढायचं दोघांनाही नाहीये, आणि दोघांच्या वतीने दमलं कोण? तर मी! हसावं की रडावं कळेना, शेवटी उचकी लागली.

शेवटचा टप्पा म्हणजे उभ्या दगडी पायऱ्या. आत्या म्हणाली, "आलंच की!" बाबा म्हणाले, "आलंच!" आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवून थांबले. हात हळूच डाव्या खांद्याकडे गेला. ओठ पांढरे. आणि तरी हसत होते हो... धाकटा भाऊ मोठ्या बहिणीकडे बघून हसतो ना, तसे. विचार नाही, काही नाही, मी त्या पायऱ्यांवर सरळ आडवी झाले. "मेले मी! एक पाऊल टाकणार नाही! घरी चला!" इतक्या जोरात की वरून उतरणारे एक अनोळखी गृहस्थ टोपी काढून स्तब्ध उभे राहिले.

या वेळी बाबा ओरडले नाहीत. माझ्या उशाशी बसले, पाठ वळवून गोळी जिभेखाली ठेवली आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "बरं झालं दमलीस गं."

"पोरीच्या जिवापेक्षा डोंगर मोठा आहे का?" असं म्हणून आत्याही धपकन बसली.

बाबांच्या तोंडावर रंग येईपर्यंत मी काही उठले नाही. मग मला आधार देत खाली आणलं. एका खांद्यावर बाबा, दुसऱ्यावर आत्या, दोघांचा अख्खा भार माझ्यावर, आणि मागून आतोबा, "सांभाळून न्या रे तिला!"

घरी येताच आत्याचा हुकूम सुटला, "उद्या हिला डॉक्टरकडे न्यायचं." मी म्हटलं, हीच वेळ! "मला एकटीला भीती वाटते. तुम्ही दोघं तपासून घेणार असाल तरच येते." माझ्यासाठी म्हणून आले हो दोघं! डॉक्टरांनी बाबांना तपासलं, डोंगराचं ऐकलं आणि चष्मा काढला, "चढ बंद सांगितला होता ना?" आत्याने तिच्या गुडघ्यांच्या फाइलने बाबांच्या पाठीत एक सणसणीत ठेवून दिली, आणि मग तीच फाइल तोंडावर धरून रडली. बाबांच्या गोळ्या बदलल्या. थोडक्यात निभावलं म्हणाले.

मी हुश्श करते न करते तोच माझ्या रक्ततपासणीचा कागद आला. हिमोग्लोबिन साडेसात! डॉक्टर म्हणाले, "तू चढलीस कशी?" म्हणजे मी ज्याला नाटक समजत होते ते...

आत्याने परतीचं तिकीट महिनाभर पुढे ढकललंय. बाबांसाठी नाही हं, गुडघ्यांसाठीही नाही, माझ्यासाठी! रोज संध्याकाळी दोघं मला सपाट रस्त्यावर फिरायला नेतात, आणि बाक दिसला रे दिसला की दोघं एका सुरात म्हणतात, "बस गं, दमली असशील."

बसते मी.