गळाची काठी

मतदानासाठी शाळेबाहेर रांग होती. इथल्या मतदानाच्या रिवाजाप्रमाणे फाटकाशी सॉसेज भाजून विकत होते. माझ्यापुढे लेस आणि त्याची शेजारीण नोलीन, दोघंही सत्तरीपुढची.

"महिनाभर पोरांची पुस्तकं वाचतोयस म्हणे? ड्रॅगन नि जादूगार?"

"मंगळवारी हृदयाचं ऑपरेशन आहे ना. डॉक्टरनं मासेमारी बंद केली, तर नातीनं, टिलीनं, खोकंभर पुस्तकं आणून टाकली."

"आणि नातीसाठी तू वाचलीस? शर्यतीच्या घोड्यांपलीकडे तू पेपर वाचत नाहीस!"

"सगळी वाचली. एकदा रडलोसुद्धा."

"कोण मेलं?"

"ड्रॅगन."

"अगं बाई!"

"हसू नकोस. पण मला सांग, सोळा वर्षांची पोरगी राज्य वाचवायला निघते, तेव्हा आईबाप असतात कुठे?"

"सॉसेजच्या रांगेत."

"एक म्हातारा मात्र प्रत्येक पुस्तकात असतो. तो तिला आपली तलवार देतो."

"तुझ्याकडे रे कुठली तलवार?"

"गळाची काठी आहे की. काल टिलीला देऊ केली."

"ती काठी? मला तर हात लावू देत नाहीस!"

"तिनं घेतलीच नाही."

"शहाणी आहे. वास मारतो त्या काठीला."

"तसं नाही गं. म्हणाली, 'आजोबा, नीट वाचलं नाहीस तू. तलवार दिली की पुढच्याच प्रकरणात म्हातारा मरतो. काठी तुझ्याकडेच ठेव.'"

नोलीननं रुमाल डोळ्यांना लावला.

"काय झालं?"

"काही नाही. धूर गेला डोळ्यांत. सरक पुढे."