झिपारच्या पाठीतली सळई

—नको, तो एक्स-रे पाकिटातच ठेव. उजेडात धरून मला काय कळणार? मी लोकरीचे नमदे शिवणारी बाई. तुझी पोर वाकडी आहे एवढं कळतं, आणि ते तर मघाशी अंगणातच दिसलं— उजवा खांदा वर, कंबर तिरकी. चहा घे. कुणी पाठवलं तुला? दुकानवाल्या काल्बूनं ना? "अनारकुल एजेची लेक बघ, ऑपरेशननं पॉप्लरच्या झाडासारखी सरळ झाली"— असंच म्हणाली ना? वाटलंच. नारिन गावातल्या निम्म्या लोकांना तेवढंच आठवतं. ती घरी आली तेव्हा मेंढा कापला होता आम्ही, माणसं हाडं चोखून गेली; पुढं खरं काय झालं ते विचारायला कुत्रं फिरकलं नाही.

अकरा वर्षांची होती माझी झिपार. कणा असा, डोंगरातल्या वाटेसारखा. बिश्केकच्या डॉक्टरनं दोन सळया घातल्या, स्क्रूनं आवळल्या— जाताना माझ्या छातीला लागायची, आली ती हनुवटीला! डॉक्टर चांगला होता, मी कुठं नाही म्हणते? नसतं केलं तर फुप्फुसंच चेपली असती पोरीची. पण निघताना म्हणाला, "बाई, काम संपलं नाही, दर वर्षी दाखवायला आणा." दर वर्षी! बर्फातून, घाट उतरून! दोनदा नेलं. मग सासू म्हणाली, सरळ पोरीला काय दाखवायचं— नाही, सासूचं सोड. मेलेल्या माणसावर ढकलायला काय जातं. मीच म्हणाले. गरज सरो, वैद्य मरो.

अशी बघू नकोस. तू काय मोठी शहाणी लागून गेलीस? नखं रंगवून आलीस आणि थोरली बहीण मानल्यागत विचारतेस, "दुखेल का हो, एजे?" दुखेल! पण पहिल्या महिन्याचं काय विचारतेस, सहाव्या वर्षाचं विचार. सतरावं लागलं होतं तिला. नळावरून बादली घेऊन आत आली आणि म्हणाली, "आई, पाठीत कट् झालं काहीतरी." त्याच आठवड्यात कोचकोरहून पाहुणे यायचे होते तिला बघायला. चांगलं घर, चाळीस घोडे. मी म्हटलं, "कामचुकार मेली! पाहुण्यांसमोर पाठ हा शब्द काढलास तर बघ." महिन्याभरात इथं, खांद्याखाली, टेंगूळ आलं. मी काय केलं? जाड जाकीट शिवलं. वर वेलबुट्टी काढली— लोक अजून वाखाणतात ती.

दोन वर्षं वापरलं तिनं ते जाकीट. हाड आतून कधी जुळलंच नव्हतं, म्हणून सगळा भार सळईवर, आणि ती तुटलेली— टोक टोचतंय, कणा पुन्हा वाकतोय, आणि माझी पोर एकामागून एक पाहुण्यांना चहा देतेय. हसून. कोचकोरवाले? टेंगूळ दिसलं तसे पळाले, भेकड लेकाचे. दुसरं ऑपरेशन नऊ तास चाललं. तेव्हापासून डावं पाऊल ओढत चालते. डॉक्टर म्हणाला, कट् झालं तेव्हाच आणली असती तर... पुढचं मी ऐकलंच नाही, त्याच्यावरच ओरडले. इथं येऊन सांगितलं, डॉक्टरनं माझ्या पोरीचं वाटोळं केलं. तूही तेच ऐकलं असशील.

नाही ऐकलंस? मग मी कशाला बोलले.

बायका इथं बसून डॉक्टरला शिव्या घालतात, तेव्हा झिपारही इथंच असते. मान खाली घालून लोकर पिंजते. एकदाच म्हणाली, "आई, तुला जमेल तसं सांग." त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं.

कर ऑपरेशन. तुझ्या पोरीचा श्वास मला अंगणातून इथवर ऐकू येतोय. पण दर वर्षी ने, बर्फ असो की लग्न असो. आणि ती कट् म्हणाली तर चूल तशीच टाकून गाडीत बस. कळलं? मान नुसती डोलवू नकोस, मीही डोलवली होती.

ऊठ आता. झिपार येईल इतक्यात, शाळेतून शिकवून. तिला काही विचारायचं नाही. आणि हे बघ, तुझ्या पोटात काही राहणार नाही, ते तोंडावरच दिसतंय— सांग जा गल्लीला. खरं तेच सांग, झिपारच्या आईनंच वाटोळं केलं म्हणून. माझ्या तोंडून चारचौघांत निघायचं नाही ते. निघ. दार ओढून घे.